हद्दीबाहेरची वर्दी: शेजारच्या पालिकेचा बंब आला, बिल कोणी भरायचं?

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा मी असा धरतो. तुमच्या हद्दीतल्या जिनिंगला (कापूस पिंजून गाठी बांधणाऱ्या कारखान्याला) उन्हाळ्यात आग लागली, तुमचा बंब एकच, म्हणून शेजारच्या दोन पालिकांचे बंब धावून आले. आता त्यातल्या एका पालिकेने डिझेल, आग विझवायचा फोम आणि फाटलेल्या होजचं (पाण्याच्या पाइपचं) बिल पाठवलंय आणि तुमचे लेखापाल म्हणतात, असा खर्च कुठल्याच शीर्षात बसत नाही. बिल द्यावं का, आणि पुढच्या वेळेसाठी शेजाऱ्यांशी लेखी करार करता येतो का, हे तुम्ही विचारलंय. निवडून आल्याच्या पहिल्याच वर्षी हा विषय हातात घेतलात हे बरं केलंत. बहुतेक ठिकाणी तो पावसाळ्यात निघतो आणि दिवाळीपर्यंत विसरला जातो.

आधी बिलाचं. बिल द्या. नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 58(2) मध्ये तातडीच्या प्रसंगी अध्यक्षांना काम करून घेण्याचा आदेश देता येतो आणि तो पुढच्या सभेपुढे ठेवावा लागतो. त्या आधारावर सभेत कार्योत्तर मंजुरीचा ठराव घ्या. लेखापालांची भीती मात्र खोटी नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघतो तो रकमेवर कमी आणि कागदावर जास्त. म्हणून बिलासोबत त्या पालिकेकडून वर्दी (म्हणजे आगीची आलेली खबर) नोंदवहीची प्रत, बंबाच्या लॉगबुकचं पान (निघतानाचं आणि परतीचं मीटर) आणि फाटलेल्या होजचे फोटो मागवा. तुमच्या बाजूने बंब किती वाजता पोहोचला आणि किती वाजता सोडला याचा दाखला जोडा. जिनिंगमालकाला विम्याच्या दाव्यासाठी अग्निशमन दलाचा दाखला लागलाच असेल. त्यात कुठले बंब कधी आले ते लिहिलेलं असतं, तीच नोंद इथेही वापरा. दुसऱ्या पालिकेने बिल पाठवलं नसलं तरी तिलाही विचारा. न मागणाऱ्याला द्यायचं नाही असा पायंडा पडला, तर पुढच्या उन्हाळ्यात तो बंब ‘दुरुस्तीला’ गेलेला असतो.

आता कराराचं. अनेक मुख्याधिकारी म्हणतील, ‘आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे ना, जिल्हाधिकारी आदेश देतील.’ हे अर्धं खरं आहे. 2005 च्या त्या कायद्याच्या कलम 34 प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जिल्ह्यातल्या कोणत्याही खात्याची किंवा स्थानिक संस्थेची साधनं वापरायला काढू शकतं. कलम 65 खाली खासगी जेसीबी, टँकर, इमारती ताब्यात घेता येतात, आणि कलम 50 खाली तातडीच्या खरेदीला निविदेची अट राहत नाही. अधिकार भरपूर आहेत. पण याच कायद्यात आपत्तीची व्याख्या अशी आहे, की ती तिथल्या समाजाच्या तोंड देण्याच्या ताकदीपलीकडची हवी. जिनिंगची आग, मार्केट यार्डातली आग, नाल्याला आलेला एका रात्रीचा लोंढा, ट्रॅव्हल्सचा अपघात यातली बहुतेक प्रकरणं या व्याख्येत बसवली जात नाहीत. प्राधिकरणाची फाइल उघडतच नाही, आदेश निघतच नाही. तरी बंब जातो, कारण समोरून फोन आलेला असतो आणि समोरचा लीडिंग फायरमन ओळखीचा असतो. महापूर आला तर वरून आदेश येतो. वर्षभर मधल्या आकाराची जी संकटं येतात ती नुसत्या ओळखीवर निभावली जातात, आणि करार हवा आहे तो त्यांच्यासाठी.

असे करार मी पाहिलेत, काही लिहूनही दिलेत. त्यातले जे कपाटात पडून राहिले त्यांच्यात एक साम्य होतं. ते सगळे मदत घेणाऱ्याच्या नजरेने लिहिलेले होते. ‘मागणी होताच तात्काळ मदत पुरवील’, ‘सर्वतोपरी सहकार्य करील’ असली वाक्यं सभेत टाळ्या मिळवतात. पण रात्री अडीच वाजता शेजारच्या गावाचा मुख्याधिकारी एकच विचार करतो: माझा एकमेव बंब पाठवला आणि माझ्याच गावात पेटलं तर? या प्रश्नाला करारात उत्तर नसेल, तर तो फोन उचलायला उशीर करील. आणि त्याला दोषही देता येणार नाही. एका जुन्या चालकाने एका बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘भाऊ, गाडी लई जा, पन डिझेलना पैसा कोन दी?’ (गाडी घेऊन जा, पण डिझेलचे पैसे कोण देणार?) लोक हसले, पण त्या बैठकीतला कामाचा प्रश्न तेवढाच होता.

म्हणून मसुदा देणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहा. पहिलंच कलम नकाराचं ठेवा: स्वतःच्या हद्दीत वर्दी चालू असेल, पुराचा इशारा असेल किंवा एकच बंब चालू स्थितीत असेल तर कारण सांगून नाही म्हणता येईल, आणि त्याबद्दल पुढे जाब विचारला जाणार नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण नाही म्हणायची मुभा असली की माणूस हो लवकर म्हणतो. अमेरिकेत 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर राज्याराज्यांनी परस्पर मदतीचा करार केला, त्याला 1996 मध्ये तिथल्या काँग्रेसची मंजुरी मिळाली. स्वतःच्या संरक्षणापुरती साधनं राखून ठेवायचा हक्क त्यात मदत देणाऱ्या राज्याला स्पष्ट दिलेला आहे. त्याच करारात पाठवलेला माणूस जखमी झाला तर भरपाई पाठवणाऱ्याने करायची आणि बाकीचा खर्च घेणाऱ्याने परत करायचा, असंही आहे. आपल्या दोन पानी करारालाही हा सांगाडा पुरतो.

नकाराच्या कलमाची दुसरी बाजू म्हणजे रिकामी झालेली जागा. अमळनेरचा बंब चोपड्याला गेला तर अमळनेरकडे कोणी बघायचं? धरणगाव किंवा पारोळ्याने आपला बंब तयार ठेवून नियंत्रण कक्षाला तसं कळवायचं, एवढंच आधी ठरवायचं असतं. बंब प्रत्यक्ष हलवायची गरज क्वचित पडते, पण माणसं जागी हवीत.

शेजारी कोण निवडायचा, यावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. नकाशावर जवळचा तो शेजारी, असं धरून चाललं की खान्देशात फसगत होते. आपला मुलूख नद्यांनी चिरलेला आहे. तापीच्या उत्तरेला रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा. दक्षिणेला भुसावळ, जळगाव, अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबार. तापी फुगली आणि पूल बंद झाला की पलीकडचा शेजारी दिसतो, पण पोहोचत नाही. तेव्हा एक जोडीदार नदीच्या तुमच्याच काठावरचा हवा.

दुसरी गोष्ट, जोडीदार तुमच्याच पुरात सापडणारा नको. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या गावात शिरल्या. त्याच पहाटे कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि संभाजीनगरकडचा रस्ता बंद झाला. म्हणजे दक्षिणेचा शेजारी घाटाने तोडला. अशा वेळी गिरणाकाठच्या भडगावकडून काय अपेक्षा करणार, तिथे त्यांच्याच नदीची धास्ती असते. चाळीसगावला खरा आधार मालेगाव किंवा धुळ्याचा. पण ते दोन्ही दुसऱ्या जिल्ह्यांत, आणि कलम 34 चा अधिकार जिल्ह्याच्या वेशीवर संपतो. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार एकाच महसूल विभागात आहेत हे आपलं नशीब. विभागीय आयुक्तांच्या एका पत्राने हा अडसर निघतो. तुम्ही जिल्ह्याबाहेरचा जोडीदार निवडलात तर ते पत्र आधीच घेऊन ठेवा, रात्री मागायला जाऊ नका.

राज्याची सीमा तर अजून अवघड. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण नवापूरला पेटलं तर सोनगडचा बंब नंदुरबारच्या बंबाआधी पोहोचू शकतो, हे आराखड्यात कोणी लिहीत नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये नवापूरच्या रंगावली नदीला पूर आला तेव्हाही हाच भूगोल होता. शिरपूर आणि सेंधवा, रावेर आणि बऱ्हाणपूर यांचंही तेच. 4 जुलै 2023 ला पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला. ती जागा मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे आणि जखमींना मात्र शिरपूर-धुळ्याकडे आणावं लागलं. दोन राज्यांतल्या पालिकांनी परस्पर करार करणं कायद्याने गुंतागुंतीचं आहे, त्या भानगडीत पडू नका. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार आणि दोन्ही अग्निशमन केंद्रांचे थेट नंबर एवढं पुरतं. कधी कधी मदत यंत्राची नसतेच. 18 जुलै 2022 ला इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली. बचावाचं काम तिकडच्या प्रशासनाने केलं. इकडे हवा होता तो नावांची यादी ताडून घरच्यांना खरी बातमी सांगणारा जबाबदार माणूस. करारात ‘माहिती आणि ओळख पटवण्यासाठी संपर्क अधिकारी’ अशी एक ओळ घाला, ती कधी कामी येईल सांगता येत नाही.

आणि देणारा नेहमी मोठाच असतो असं धरू नका. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर नंदुरबारने स्वतःचे ऑक्सिजन निर्मिती प्रकल्प उभे करायला घेतले. 2021 च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतले आणि राज्यांतले रुग्ण या आदिवासी जिल्ह्यात येत होते. तुमच्या छोट्या पालिकेकडे काय आहे त्याची यादी करा. कदाचित तुमच्याकडे बोट असेल, पट्टीचे पोहणारे भोई समाजाचे तरुण असतील, मोठं मंगल कार्यालय असेल. बंबाच्या बदल्यात बंबच द्यावा असं कुठे लिहिलंय?

पैशाच्या कलमात फार कलाकुसर नको. पहिले सहा किंवा आठ तास विनामूल्य, त्यानंतर प्रत्यक्ष खर्च. पण फोम, फाटलेली होज आणि मोडलेला पंप पहिल्या मिनिटापासून घेणाऱ्याच्या खात्यावर. पगार आपापल्या पालिकेने द्यायचा. जेवण, चहा, मुक्काम आणि परतीचं डिझेल घेणाऱ्याकडे, तेही जागेवरच, बिलाची वाट न बघता. सावडीला आलेल्या बैलांना वैरण घरधन्याने घालायची, तसंच हे. बिल किती दिवसांत पाठवायचं आणि किती दिवसांत चुकतं करायचं हेही लिहा. साठ आणि नव्वद दिवस मला बरे वाटतात. वाद झाला तर निवासी उपजिल्हाधिकारी सांगतील ते मान्य, असं एक वाक्य टाका म्हणजे वकील लागणार नाही.

तुमच्या जिनिंगच्या प्रसंगाकडे पुन्हा बघा, म्हणजे या कलमाचं वजन कळेल. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. गाठी जेसीबीने फोडून, पसरून, भिजवाव्या लागतात आणि हे काम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चालतं. पहिल्या दोन तासांत सगळे हजर असतात. बारा तासांनंतर पाणी संपतं, माणसं थकतात, आणि तेव्हा खरी गरज दुसऱ्या पाळीची आणि टँकरची असते. करारात ‘बंब’ एवढाच शब्द लिहिलात तर ही गरज त्यात येत नाही. चालक, फायरमन, टँकर, जनरेटर, सफाई कामगार, आरोग्य पथक, उपअभियंता असं सगळं नावानिशी लिहा. पूर ओसरल्यावर तर बंबापेक्षा गाळ काढणारी टोळी आणि सक्शन गाडी मोलाची ठरते. 2021 मध्ये महाडला ठाणे, मुंबईच्या महापालिकांनी पाठवलेली पथकं लोकांच्या लक्षात राहिली ती चिखल आणि कचरा उपसल्यामुळे.

माणसांचा विमा ही सगळ्यात पोकळ जागा. आज कितीतरी पालिकांत बंबाचा चालक आणि फायरमन ठेकेदाराकडचे आहेत. ते हद्दीबाहेर जखमी झाले तर ठेकेदार म्हणतो, ‘माझ्या कामाच्या ठिकाणात ते गाव नाही.’ हे टाळायचं तर परस्पर मदतीच्या कराराआधी तुमच्या ठेक्याच्या निविदेत बदल करा: करारातल्या गावांतलं काम हे कर्तव्यच मानलं जाईल आणि विमा तिथेही लागू राहील. बंबाचा विमा, फिटनेस आणि चालकाचा जड वाहनाचा परवाना याच्या प्रती जोडीदाराला दरवर्षी द्या. अपघात झाल्यावर ही कागदपत्रं शोधणाऱ्या पालिकेची काय दैना होते, ती मी बघितली आहे.

जागेवर हुकूम कोणाचा, हे एका ओळीत: काम कुठे करायचं ते स्थानिक अधिकारी सांगेल, आपल्या माणसांना आत पाठवायचं की नाही ते त्यांचा प्रमुख ठरवील. रसायनांच्या कारखान्यात तर हे अक्षरशः पाळा. 31 ऑगस्ट 2019 ला शिरपूर तालुक्यात वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हापासून तरी आत काय साठवलंय हे विचारल्याशिवाय बाहेरगावच्या जवानांना पुढे ढकलू नये. अशा ठिकाणांसाठी 1996 च्या नियमांप्रमाणे जिल्हा आपत्ती गट असतो, आणि कारखान्यांचे आपसांतले ‘मार्ग’ नावाचे परस्पर मदतीचे गट राज्यातल्या काही औद्योगिक वसाहतींत चालतात. तुमच्या टापूत भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, पानेवाडीचे इंधन डेपो यांच्याकडे स्वतःची अग्निशमन यंत्रणा आहे. त्यांच्याशी करार होणं अवघड, कारण ते केंद्राच्या किंवा कंपनीच्या नियमांनी बांधलेले. पण फोमची गाडी मागायला कोणाला फोन करायचा हे ठरवून ठेवता येतं. भुसावळला रेल्वेची अपघात मदत गाडीही उभी असते, तिच्या माणसांशी ओळख असू द्या.

मोठा महापूर आला तर गणित बदलतं. तेव्हा धुळ्याचं राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि पुण्याजवळच्या सुदुंबरेची एनडीआरएफ येते, आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या मागे राहून चालवायची कामं वेगळी. त्यात एक पथ्य पाळा: सगळ्यांनी एकाच गावाकडे धावू नका. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या कान्साई भागाच्या संयुक्त संघाने आपल्या प्रांतांना गट करून एकेक बाधित प्रांत नेमून दिला. ओसाका आणि वाकायामाने इवातेकडे, क्योतो आणि शिगाने फुकुशिमाकडे बघायचं. आपल्याकडे 2019 ला सांगली-कोल्हापुरात रस्त्यालगतच्या गावांत जुन्या कपड्यांचे ढीग पडले आणि आतल्या वाड्या तशाच राहिल्या. तालुक्यातच गावं वाटून घेतली तर हे टळतं.

सगळ्यात स्वस्त मदत माहितीची आहे आणि तिच्यावर कोणाचं बिल येत नाही. तापीवरच्या हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत आणि त्याचं पाणी बऱ्हाणपूर, देडतलाई, गोपाळखेड्याच्या पावसावर चढतं. तिकडे रात्री जोरात पाऊस झाला की इकडे कडक उन्हातही पूर येतो. हा निरोप आज जिल्हा नियंत्रण कक्षातून तहसीलदार, तिथून तलाठी, तिथून कोतवाल असा उतरतो. तो उतरूच द्या. पण वरच्या काठच्या पालिकेने खालच्या काठच्या पालिकेला थेट फोन करायचा, हेही करारात घाला. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या तिन्ही बॅरेजच्या काठची गावं या एका फोनने जनावरं वेळेवर सोडू शकतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ग्रामपंचायतींचा विषय सोडून चालणार नाही. त्यांच्याकडे बंब नसतो. कडब्याच्या गंजीला, गोठ्याला आग लागली की वर्दी तुमच्याकडेच येते, आणि कितीतरी पालिका हद्दीबाहेरच्या वर्दीचे पैसे लावतात. गंजी जळालेल्या शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायला मला कधीच बरं वाटलं नाही. आसपासच्या ग्रामपंचायतींनी वर्षाची ठरावीक वर्गणी पालिकेला द्यावी, वैयक्तिक आकारणी बंद करावी. पंचायत समितीच्या सरपंचांच्या बैठकीत हा विषय ठेवा, गटविकास अधिकारी अनुकूल असतील तर एका वर्षात होतो.

क्रम असा ठेवा. दोन्ही सभांचे ठराव, मग दोन्ही मुख्याधिकाऱ्यांच्या सह्या, मग तो कागद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवून जिल्हा आराखड्याचं परिशिष्ट म्हणून नोंदवून घ्या. जोडीदार महापालिका असेल तर 2025 च्या दुरुस्तीने महापालिका शहरांसाठी वेगळ्या नागरी प्राधिकरणाची सोय आली आहे, तिथल्या आयुक्तांना विचारून घ्या. मागणीचा फोन थेट केंद्राला, लगेच दुसरा फोन जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 ला, आणि व्हॉट्सअॅपवर दोन ओळी: काय हवं, कुठे, कोण मागतंय. लेखापरीक्षेत पुढे त्या दोन ओळीच दाखवायच्या असतात.

मे महिन्यात दोन्ही गावांचे बंब एकदा एकाच विहिरीवर उभे करा. डिलिव्हरी होजचं 63 मिलिमीटरचं कपलिंग बहुधा जुळतं. घोळ होतो सक्शनच्या आट्यांत आणि पाण्याच्या टँकरच्या व्हॉल्व्हमध्ये. जे जुळत नाही त्याचे अॅडॅप्टर लेथवाल्याकडून करून घ्या आणि प्रत्येक बंबात साखळीने बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच वर्दीत कोणीतरी ते दुसऱ्याच्या गाडीत टाकून देतं.